ज्ञानेश्वरीतील सूर्य आणि देवाचा पुरावा

(मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यात ग्रामस्थांपुढे झालेले व्याख्यान)



श्रीविठ्ठल-रखुमाईच्या कृपेने मंदिराचे काम कलशापर्यंत येऊन पोहोचले. वर्गणी देणारे, श्रमदान करणारे आणि भर उन्हात पाथरवटांना ताक नेऊन देणाऱ्या मायबहिणी यांचे आभार जीर्णोद्धार समिती रीतसर मानीलच. आजच्या व्याख्यानाचा विषय निराळा आहे, आणि तो समितीच्या बैठकीतच निघाला.

सभामंडपाच्या उजव्या भिंतीवर संगमरवरी पाटी बसवावयाची आहे. तिच्यावर ज्ञानेश्वरीतील सूर्याची ओवी कोरावी, आणि खाली लिहावे की, कोपर्निकसच्या २५३ वर्षे आधी माउलींनी सूर्य स्थिर असल्याचे सांगितले, सबब देव आहे हे विज्ञानानेच सिद्ध झाले, अशी सूचना आली. बहुतेकांना ती पसंत पडली. तेवढ्यात बारावीत शास्त्र शाखेला असलेल्या एका मुलाने विचारले, "उद्या शास्त्रज्ञांनी निराळे काही शोधून काढले, तर पाटी उतरवायची का?" मंडळी रागावली. देवाच्या दारात असली भाषा नको, असे वडीलधाऱ्यांनी सुनावले. मुलगा उठून गेला. तो लहानपणापासून हरिपाठाला टाळ घेऊन उभा राहणारा मुलगा. त्या दिवसापासून आलेला नाही. त्याच्या आजोबांनी जन्मभर या देवळात मृदंग वाजविला आहे. तेव्हा प्रश्न नुसत्या पाटीचा राहिलेला नाही.

मुलाचा प्रश्न उद्धट नव्हता. तो हिशेबाचा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर हिशेबानेच द्यावयास हवे.

प्रथम ओवी काय म्हणते ते पाहू. ज्ञानेश्वरी शके १२१२ म्हणजे सन १२९० ची, नेवाशास सांगितलेली. चौथ्या अध्यायात भगवंत अर्जुनाला कर्म आणि अकर्म यांतला भेद समजावीत आहेत. कर्म करीत असूनही जो कर्मापासून अलिप्त राहतो, तो कसा ओळखावा, असा तिथला प्रसंग. माउली त्यासाठी दाखल्यामागून दाखले देतात. नावेत बसलेल्याला काठावरची झाडे पळताना दिसतात, पण नीट पाहू गेले तर झाडे जागच्या जागी असतात. आणि थोडे पुढे सूर्य येतो: उगवणे-मावळणे दिसते म्हणून तो चालतो असे वाटते, पण तो चालत नाही, तसा ज्ञानी पुरुष कर्मात असूनही निष्कर्म असतो.

कल्याण-कर्जत मार्गावर रोज जाणाऱ्याला हा दाखला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. लोकल अंबरनाथ स्थानकात उभी असते, शेजारची गाडी हलते, आणि आपलीच गाडी सुटली असे वाटून माणूस दांडी घट्ट धरतो. मग खिडकीतून फलाटाचा खांब दिसतो आणि उलगडा होतो. माउलींनी नाव घेतली, कारण त्यांच्या श्रोत्यांना नाव ठाऊक होती. गोदावरी-प्रवरेच्या काठची माणसे ती.

आता यात कोपर्निकस किती आणि माउली किती? कोपर्निकसचे पुस्तक १५४३ साली निघाले. त्यात पृथ्वी स्वतःभोवती आणि सूर्याभोवती फिरते असे म्हटले आहे, ग्रहांचा क्रम दिला आहे, कोष्टके आहेत, आकडे आहेत. ते तपासता येतात, आणि तपासल्यावर त्यांतील काही चुकलेलेही सापडले. ओवीत पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे कोठेही म्हटलेले नाही. ते सांगण्याचा हेतूच तिथे नाही. ओवीला विचारावयाचे ते कर्माविषयी विचारावे.

बरे, नावेचा हा दाखला माउलींच्याही आधी या देशात होता. आर्यभटाने सन ४९९ च्या सुमारास आर्यभटीय लिहिले. त्यात तो म्हणतो की, पुढे जाणाऱ्या नावेतल्या माणसाला स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसे स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. म्हणजे पृथ्वी स्वतःभोवती फिरते, ही गोष्ट ज्ञानेश्वरीच्या आधी सुमारे आठशे वर्षे एका गणित्याने लिहून ठेवली होती. त्याने ती समाधीत पाहिली असा दावा करण्याचे कारण नाही. आकाश पाहून आणि हिशेब करून मांडली. आणि गंमत अशी की, आपल्याच मोठमोठ्या ज्योतिष्यांनी त्याला मोडीत काढले. वराहमिहिराने विचारले, पृथ्वी फिरत असती तर उडालेले पक्षी आपल्या घरट्याला परत कसे आले असते? ब्रह्मगुप्तानेही सन ६२८ च्या ग्रंथात विरोध केला. हे सारे एकाच परंपरेतले, देवाला नमस्कार करून लिहिणारे लोक. देवाने कानात सांगितलेली गोष्ट असती, तर इतका वाद का झाला असता?

मुलाच्या प्रश्नाचे थेट उत्तर तर याहून अवघड आहे. पाटी उतरविण्याची वेळ उद्या येणार नाही, ती येऊन गेली आहे. सूर्य स्थिर आहे हे आजचे विज्ञान मानीतच नाही. सूर्य सगळ्या ग्रहांना बरोबर घेऊन आकाशगंगेच्या मध्याभोवती सेकंदाला सुमारे २२० किलोमीटर वेगाने फिरतो, आणि एका फेरीला २० ते २५ कोटी वर्षे लागतात. शाळेतल्या मुलांना हे ठाऊक असते. विज्ञानाच्या नावाने देव सिद्ध करणारी पाटी बसवावी आणि तीच विज्ञानाला चुकीची ठरावी, तर मुले पाटीला हसतील. हसता हसता ओवीलाही हसतील, आणि त्यात ओवीचा काय अपराध?

पुरावा म्हणजे काय, हे खरे तर खेड्यातल्या माणसाला शिकवावे लागत नाही. तहसील कचेरीत जमिनीचा वाद आला की प्रथम काय विचारतात? कागद कोणत्या तारखेचा आहे? वाद सुरू झाल्यावर तयार झालेला कागद कितीही पिवळा पडलेला दाखविला, तरी त्याला किंमत नाही. जुना स्टँपपेपर पैदा करून मागली तारीख घालणारे महाभाग प्रत्येक तालुक्यात होऊन गेले आहेत. दुसरे, मजकूर स्पष्ट आहे का? 'ओढ्यालगतची जागा' एवढ्याने चतुःसीमा ठरत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे, सोयीची एक नोंद पाहून चालत नाही, सबंध रजिस्टर उघडावे लागते.

तारखेचे महत्त्व अंबरनाथच्या शिवालयाइतके दुसरीकडे क्वचितच दिसेल. वालधुनीच्या काठचे ते काळ्या दगडाचे देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधले, उजाडल्यामुळे काम अर्धे राहिले, ही कथा या पंचक्रोशीतल्या प्रत्येकाने आजीच्या तोंडून ऐकलेली आहे. पण देवळाच्या दगडावर लेख आहे. मुंबईचे विख्यात डॉक्टर आणि संशोधक भाऊ दाजी लाड यांनी त्यातला शक ७८२ असा वाचला. पुढे त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो ९८२ असा लावला, आणि तोच मान्य झाला. शके ९८२ म्हणजे सन १०६०, शिलाहार राजा मुम्मुणीचा काळ. एका अंकाच्या वाचनात दोनशे वर्षांचा फरक पडला! शिष्याने गुरूची चूक सुधारली, यात गुरूचा अपमान झाला असे कोणी मानले नाही. शिलालेख वाचला गेला म्हणून महाशिवरात्रीची गर्दीही कमी झाली नाही. पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जाणारा माणूस पांडवांची पावती पाहून बेल वाहत नाही.

विमानांचे प्रकरण मात्र लांबवावयास नको. १८९५ साली शिवकर बापूजी तळपदे यांनी मुंबईस चौपाटीवर विमान उडविले, अशी कथा महाराष्ट्रात अभिमानाने सांगतात. पण उड्डाणाचा भरवशाचा समकालीन पुरावा नाही. भरद्वाज ऋषींच्या नावावर दाखविले जाणारे वैमानिक शास्त्र हे पुस्तक पंडित सुब्बराय शास्त्री यांनी १९१८ ते १९२३ या काळात तोंडी सांगून लिहविलेले. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ साली ते तपासले. त्यातली विमाने उडू शकणार नाहीत, आणि ग्रंथ १९०४ च्या आधीचा नाही, असा त्यांचा निष्कर्ष. तरीही जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेत प्राचीन विमानांवर व्याख्यान झाले आणि देशभर वाद उठला. तारीख वादानंतरची, एवढ्यावर हे प्रकरण दप्तरी दाखल करावे.

आता सबंध रजिस्टर. ओवी सोयीची वाटली म्हणून तिला पुढे करावयाचे असेल, तर भागवताचा पाचवा स्कंधही उघडावा लागेल. तिथे सूर्याचा रथ मेरूभोवती फिरतो, आणि चंद्र सूर्याच्याही वर, लाख योजनांवर आहे. पुराणांतला राहू ग्रहणात चंद्रसूर्याला गिळतो; आर्यभटाने मात्र ग्रहण म्हणजे सावली असे सांगितले होते. या नोंदी आपण पाटीवर कोरणार आहोत का? त्या रूपके आहेत, शब्दशः घ्यावयाच्या नाहीत, असे उत्तर येईल. ठीक आहे. मग जुळले की शास्त्र आणि न जुळले की रूपक, हा न्याय कोणत्या कचेरीत चालेल? फिर्यादीचे साक्षीदार खरे आणि आरोपीचे तेवढे फितूर, असे ठरवून निकाल लिहिण्यासारखेच ते आहे.

आणि रजिस्टर एकट्या आपल्या गावाचे नसते. दोन-तीन स्थानके मागे जा. कल्याणच्या जुन्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी बांधव निर्वासित होऊन आले, आणि १९४९ साली त्या वस्तीचे उल्हासनगर झाले. तिथल्या दरबारांत गुरू ग्रंथसाहेबाचे पाठ होतात. जपुजीमध्ये गुरू नानकांनी लाखो पाताळे आणि लाखो आकाशे असल्याचे म्हटले आहे. आजच्या खगोलशास्त्राशी ते जुळते असे तिथला भाविक म्हणाला, तर त्याला नाही कोणत्या तोंडाने म्हणावे? १९७६ साली मॉरिस ब्युकाय नावाच्या फ्रेंच डॉक्टराने पुस्तक लिहून कुराणातील वचने आधुनिक विज्ञानाशी जुळतात असे मांडले. ते पुस्तक जगभर वाचले गेले. प्रत्येकाच्या हातात आपला ग्रंथ, आणि प्रत्येकाच्या ग्रंथात एकदोन वचने जुळणारी. अशा जुळणीने ग्रंथ देवाने सांगितल्याचे सिद्ध होत असेल, तर ते सर्वांचेच सिद्ध होईल. मग अवतार, पुनर्जन्म, निराकार यांविषयी त्या ग्रंथांत जे अंतर आहे त्याचे काय करावयाचे? शेजाऱ्याची नोंद ज्या कारणाने नामंजूर करावी, त्याच कारणाने आपली मंजूर करून घेता येत नाही.

कोणी म्हणेल, समजा एखाद्या जुन्या ग्रंथात स्पष्ट आकडे सापडले, तारीखही शोधाच्या आधीची ठरली, तर? यालाही महाराष्ट्रीय माणसाचेच उदाहरण आहे. ज्योतिर्गणितकार व्यंकटेश बापूजी केतकर यांनी १९११ साली फ्रान्समधील खगोल मंडळाच्या पत्रिकेत लिहिले की, नेपच्यूनच्या पलीकडे आणखी दोन ग्रह असावेत. त्यांना त्यांनी ब्रह्मा आणि विष्णू अशी नावे दिली. त्यांतील जवळच्या ग्रहाचे सूर्यापासूनचे अंतर पृथ्वीच्या अंतराच्या ३८.९५ पट आणि प्रदक्षिणेचा काळ सुमारे २४२ वर्षे, असे त्यांचे गणित. १९३० साली अमेरिकेत टॉम्बॉ यांना प्लूटो सापडला. त्याचे सरासरी अंतर सुमारे ३९.५ पट, काळ सुमारे २४८ वर्षे! तारीख पक्की, छापील, आकडे स्पष्ट, जुळणी डोळे दिपविणारी. पण केतकरांनी कधी ईश्वरी साक्षात्काराचा दावा केला नाही. पुढे तर असे दिसले की प्लूटो फारच लहान आहे, आणि २००६ पासून त्याची ग्रहांतही गणना होत नाही. म्हणजे इतकी जवळची जुळणीही योगायोगाची असू शकते. ज्यात आकडा नाही, अंतर नाही, काळ नाही, अशा दोन ओळींच्या जुळणीवर देवाचे अस्तित्व टांगावयाचे, तर खुंटी किती कच्ची ते पाहा.

इतके सांगितल्यावर वडीलधाऱ्यांच्या मनात येईल की, हा सगळा प्रकार आपल्या ग्रंथांना कमी लेखण्याचा आहे. तसे नाही. जुन्या ग्रंथांत खरे आणि तपासण्याजोगे ज्ञान आहे, आणि ते दाखवून देणारा माणूसही आपलाच होता. शंकर बाळकृष्ण दीक्षित, कोकणातले, पेशाने शिक्षक. त्यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास १८९६ साली प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी ते वारले. शतपथ ब्राह्मणात एक साधे वाक्य आहे: इतर नक्षत्रे पूर्वेपासून ढळतात, कृत्तिका ढळत नाहीत. दीक्षितांनी त्यावर गणित केले. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळूहळू डोलतो, त्याची फेरी सुमारे २६ हजार वर्षांची. त्यामुळे तारे उगवण्याच्या जागा शतकानुशतके सरकत जातात. कृत्तिका नेमक्या पूर्वेस उगवत असत तो काळ आजपासून सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचा येतो. या वाक्याचा अर्थ आणि काळ यांवर विद्वानांत वाद आहेत. पण वाक्य एवढे तरी सांगते की, कोणीतरी रात्रीमागून रात्री पहाटेच्या थंडीत उभा राहून कृत्तिकांचा उदय पाहत होता आणि पाहिले तसे बोलत होता.

आज कृत्तिका कोठे उगवतात? शंका असेल त्याने कार्तिकात, अंधार पडण्याच्या सुमारास, बदलापूरच्या माळावरून होकायंत्र लावून पाहावे. त्या नेमक्या पूर्वेस नसतात. सुमारे २५ अंश उत्तरेकडे असतात. म्हणजे शतपथातले वाक्य लिहिले तेव्हा खरे होते, आज खरे नाही. कृत्तिका ढळत नाहीत, असे म्हणणाऱ्याला त्या ढळणार आहेत हे माहीत नव्हते. पुढचे सारे जाणणाऱ्याने ते वाक्य सांगितले असते तर असे लिहिले नसते. ते वाक्य माणसाचे आहे, आणि म्हणूनच दीक्षितांना त्यावरून काळ काढता आला. सर्वज्ञाच्या वाक्याला तारीख नसती.

हे वाक्य देवाचा पुरावा होत नाही. पूर्वजांच्या डोळसपणाचा होतो, आणि तोही काही थोडाथोडका नव्हे. आकाश पाहणाऱ्या त्या माणसाचे श्रेय काढून घेऊन ते साक्षात्काराच्या खात्यावर जमा करणे हा त्याच्यावर अन्याय आहे. आर्यभटाचेही तसेच. त्याने डोके शिणवून जे काढले, ते 'वेदांत होतेच' म्हणून टाकले की त्याचे काम मातीमोल होते.

उलट दिशेनेही घाई करू नये. ओवी देवाचा पुरावा नाही, एवढ्यावरून देव नाही असे ठरत नाही. फेरफार नोंद रद्द झाली म्हणून जमीन नाहीशी होत नाही; त्या कागदाने मालकी ठरत नाही, इतकेच. देव आहे की नाही हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या अनुभवाने, विचाराने सोडवावयाचा आहे. आषाढीला पायी निघणारी बाई सूर्यमाला तपासून निघत नाही. तिचा विश्वास चुकीचा आहे असे म्हणणाऱ्याने तिच्याशी त्या विश्वासाच्या जागीच बोलावे. पण तिच्या वतीने कोपर्निकसला साक्षीला बोलावण्याचा अधिकार तिने कोणाला दिलेला नाही.

आणि ओवीचा खरा अर्थ पाटीच्या गडबडीत हरवतो आहे, ही सर्वांत मोठी हानी. सूर्य चालत नाही, पण त्याच्यामुळे दिवस होतो. करतो आणि केल्याचा टेंभा मिरवीत नाही. जीर्णोद्धाराच्या कामात ही ओवी कोणी आचरली ते गावाने पाहिले आहे. वर्गणीच्या फळ्यावर मोठा आकडा लिहून घेण्यासाठी जी चढाओढ झाली ती सर्वांच्या लक्षात आहे. पण ज्या गवंड्याने गाभाऱ्याचा उंबरा दोन वेळा काढून तिसऱ्यांदा बसविला, आणि जास्तीची मजुरी मागितली नाही, त्याचे नाव फळ्यावर नाही. माउलींना नैष्कर्म्य म्हणून जे म्हणावयाचे होते, ते त्या उंबऱ्यापाशी समजते.

समितीपुढे म्हणून दोन सूचना ठेवण्यात येत आहेत. ओवी पाटीवर जरूर असावी; तिच्याखाली अध्यायाचा आणि ओवीचा क्रमांक तेवढा लिहावा, कोपर्निकसचे नाव नको आणि विज्ञानाचा दाखलाही नको. दुसरी सूचना कोनशिलेविषयी आहे. देऊळ पांडवकालीन असल्याचे तिच्यावर लिहावे असे काहींचे म्हणणे आहे. त्याला आधार नाही, तेव्हा लिहू नये. जीर्णोद्धाराचा शक आणि सन मात्र दोन्ही घालावेत, अंक पुरेसे खोल कोरावेत. सात आणि नऊ यांत तर पाथरवटाने विशेष काळजी घ्यावी, म्हणजे पुढच्या पिढ्यांना अंबरनाथसारखी अडचण पडणार नाही. अंक कागदावर मोठे काढून पाथरवटाला देण्याचे काम बारावीतल्या त्या मुलाकडे सोपवावे. त्याचे अक्षर चांगले आहे, हे शाळेत सर्वांना ठाऊक आहे. निरोप घेऊन मात्र ज्यांनी त्याला बैठकीत सुनावले त्यांच्यापैकीच कोणी जावे, आणि हरिपाठ सुरू होण्यापूर्वी जावे.